यातेंगाचे दगडी बांध

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो हा देश सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, साहेलच्या कोरडवाहू पट्ट्यात वसला आहे. १९६० मध्ये फ्रान्सकडून स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्याचे नाव अप्पर व्होल्टा होते. थॉमस संकारा यांच्या राजवटीत, १९८४ साली, त्याला आजचे नाव मिळाले. देशाच्या उत्तरेकडे मोसी लोकांची वस्ती असलेला यातेंगा प्रांत आहे. वाहिगुया हे त्याचे मुख्य ठाणे. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या या मुलुखात जून ते सप्टेंबर एवढाच पाऊस, तोही मोजक्या जोरदार सरींचा. लोकसंख्या दाट झाली, पडीक ठेवून विसावा द्यायला रान उरले नाही, झाडे तुटली आणि उघड्या जमिनीवर कडक पापुद्रा धरला. पाणी मुरेना, बी रुजेना. अशा ओसाड माळाला मोसींच्या मोरे भाषेत ‘झिपेले’ म्हणतात.

ही जमीन सावरण्यासाठी बाहेरून पहिली मोठी मदत स्वातंत्र्यानंतर लगेचच आली. १९६२ ते १९६५ या काळात युरोपीय निधीतून अवजड यंत्रे आणून यातेंगात सुमारे १,२०,००० हेक्टरांवर मातीचे बांध घालण्यात आले. काम झपाट्याने झाले, परंतु ज्यांच्या शेतातून बांध गेले त्यांना कोणी विचारले नव्हते. शेतकऱ्यांना पाणी शेतात मुरायला हवे होते. हे बांध मुख्यतः धूप थांबवण्यासाठी आखलेले होते. त्यांची डागडुजी कोणी केली नाही आणि काही वर्षांतच पावसाने ते फोडले.

त्यानंतर १९६८ ते १९७३ चा भीषण दुष्काळ पडला. पिके गेली, गुरे मेली, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबांतील तरुण कामाच्या शोधात आयव्हरी कोस्टकडे निघून गेले. या संकटामुळे जगाचे लक्ष साहेलकडे वळले. १९७३ मध्ये या पट्ट्यातील देशांनी दुष्काळाशी सामना करण्यासाठी आंतरराज्य समिती स्थापन केली. तिचे मुख्यालय वागाडुगूत आहे. १९७७ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांची वाळवंटीकरणावरील परिषद झाली.

यातेंगात मात्र पाया गावकऱ्यांनीच घातला होता. शिक्षक बर्नार लेदेआ वेद्राओगो यांनी मोसी समाजातील तरुणांच्या परंपरागत मंडळांना, ‘नाम’ गटांना, १९६७ पासून गावविकासाच्या कामाला लावले. पीक निघाल्यानंतरचे कोरडे महिने रिकामे न घालवता त्यांत तलाव, विहिरी आणि बांधांची कामे करायची, ही त्यामागची कल्पना. पुढे युरोपातून या गटांना जो निधी मिळाला, त्याचे वैशिष्ट्य असे की पैसा कशावर खर्चायचा हे बऱ्याच अंशी गटच ठरवत. १९९० मध्ये लेदेआ यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

१९७९ मध्ये ऑक्सफॅम या ब्रिटिश संस्थेने यातेंगात वनशेतीचा प्रकल्प सुरू केला. झाडे लावण्यासाठी पाणी अडवायचे, असा मूळ बेत होता. गावकऱ्यांनी ते पाहिले आणि हीच युक्ती धान्यासाठी वापरावी असे सुचवले. संस्थेने ते मान्य केले. शेतात दगडांच्या ओळी मांडण्याची रीत तिथे जुनीच होती. अडचण एवढीच होती की जमिनीचा उतार इतका कमी की समपातळी नुसत्या नजरेला कळत नसे, आणि चुकीच्या जागी मांडलेली ओळ पाण्याला आडवाटेने नेई.

यावर उपाय निघाला तो गवंडी पातळी काढायला वापरतात तशा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचा. नळीची दोन टोके खुणा केलेल्या दोन काठ्यांना बांधायची. एक काठी जागेवर धरायची, दुसरी पुढे न्यायची आणि दोन्हीकडचे पाणी एकाच खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकायचे. जुळले की तिथे कुदळीने खूण करायची. अक्षरओळख नसलेला शेतकरीही एक-दोन दिवसांत हे शिकत असे. आखलेल्या रेषेवर मग दगड रचले जात. मातीच्या बांधासारखी ही ओळ पाणी कोंडत नाही. दगडांच्या फटींतून ते सावकाश पाझरते, पसरते, मुरते आणि वाहून आलेला गाळ व पालापाचोळा मागे ठेवते.

याच सुमारास गुर्गा गावचे याकुबा सावाडोगो ‘झाई’ या जुन्या पद्धतीत सुधारणा करत होते. कोरड्या दिवसांत कडक माळावर वीतभर रुंद खड्डे घ्यायचे आणि त्यांत शेणखत टाकायचे. खतामागोमाग वाळवी येते, तिच्या बिळांनी जमीन पोकळ होते आणि पहिल्या सरीचे पाणी थेट मुळांशी पोचते. खतातून आलेले झाडांचे बीही खड्ड्यांत रुजले. ती रोपे याकुबांनी जपली आणि ओसाड रानात जंगल उभे राहिले. १९८४ पासून ते गावोगावच्या शेतकऱ्यांना बोलावून हे शिकवू लागले. २०१८ मध्ये त्यांनाही राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या मदतीने शेजारच्या बाम प्रांतात दगड वाहण्यासाठी ट्रक आले. डोक्यावरून आणि गाढवाच्या गाडीतून होणारी जीवघेणी वाहतूक त्यामुळे हलकी झाली. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या प्रकल्पातून नायजरमधील इलेला भागाचे १३ शेतकरी यातेंगा पाहायला आले आणि परत जाऊन त्यांनी तिथे झाईसारखेच खड्डे घेतले. बुर्किना फासोच्या मध्य पठारावर या पद्धतींनी सावरलेली जमीन २ ते ३ लाख हेक्टर असावी असा अंदाज आहे.

या तीन दशकांत निधी, नळी आणि ट्रक बाहेरून आले. ज्ञान आणि श्रम गावाचे होते. १९६५ चे मातीचे बांध आणि नंतरचे दगडी बांध यांच्या नशिबात फरक पडला तो यामुळेच. या कामाला सततची देखभाल मात्र लागते. खड्डे पुन्हा साफ करावे लागतात, खत घालावे लागते, निसटलेले दगड बसवावे लागतात. २०१५ नंतर देशाच्या उत्तर भागात सशस्त्र गटांचे हल्ले वाढले आणि लाखो लोकांना घरदार सोडावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये याकुबा यांचे निधन झाले. जिथे गावे रिकामी झाली तिथे बांधांची राखण करायला कोणी उरलेले नाही. ती जमीन टिकवायची तर आधी तिची माणसे सुखरूप परतायला हवीत.