नैसर्गिक मारक पेशी : संयमाच्या शोधाचा इतिहास

मानवी रक्तातील ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव ऐकताच संहाराचे चित्र उभे राहते. उर्दूत ‘कुदरती कातिल खलिये’ म्हटले, तर ते अधिकच गडद होते. परंतु या पेशींच्या संशोधनाचा इतिहास पाहिला असता, त्या मारतात कशा यापेक्षा त्या थांबतात कशा, हाच प्रश्न अधिक फलदायी ठरल्याचे दिसते. त्याचाच हा संक्षिप्त मागोवा.

१९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रोल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन व हान्स विग्झेल यांनी उंदरांमध्ये या पेशींचे वर्णन केले. पूर्वी कधीही संपर्क न आलेल्या कर्कपेशींनाही त्या मारत. त्याच सुमारास अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटालाही असेच आढळले. साहजिकच या पेशी शत्रूला ओळखतात कशा, याचा शोध सुरू झाला.

क्लास कॅरे यांनी हा प्रश्नच उलटा केला. शरीरातील बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर स्वकीयतेची खूण असणारी प्रथिने असतात. मानवात त्यांना एचएलए म्हणतात. कॅरे, युंगग्रेन आदींनी १९८६ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की, उंदरांतील जी कर्कपेशी अशी खूण गमावते, तीच मारली जाते, खूण शाबूत असलेली वाचते. म्हणजे परक्याची उपस्थिती नव्हे, तर ‘स्व’ची अनुपस्थिती निर्णायक ठरते.

ही खूण वाचणारे ग्राहक पुढे सापडले. १९९० च्या सुमारास इटलीत अलेस्सांद्रो व लोरेन्झो मोरेत्ता या बंधूंनी मानवी पेशींवरील, आज ‘केआयआर’ म्हणून ओळखले जाणारे ग्राहक वेगळे केले. १९९८ साली एनकेजी२ए हा ग्राहक एचएलए-ई ही खूण वाचतो, हे स्पष्ट झाले. खूण जुळली की ग्राहकाचा आतील भाग एक विकर बोलावून मारण्याचा संदेश विझवतो. काही कर्कपेशी नेमक्या याच खुणेच्या आड लपतात.

मग हा लगाम काढला तर? टी-पेशींच्या बाबतीत ही कल्पना यशस्वी झाली व २०१८ साली अॅलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळाले. मारक पेशींबाबत मात्र निराशा आली. अस्थिमज्जेच्या कर्करोगात केआयआर रोखणारे औषध दिले असता रुग्णांच्या मारक पेशी उलट मंदावल्या, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. एनकेजी२ए रोखणाऱ्या मोनालिझुमॅबची डोके व मानेच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०२२ साली परिणामाअभावी थांबवावी लागली.

याचे एक संभाव्य स्पष्टीकरण २००५ सालच्या, वेन योकोयामा यांच्या गटाच्या उंदरांवरील संशोधनात मिळते. स्वकीय खूण वाचण्याची संधी न मिळालेली मारक पेशी मोकाट होत नाही; ती निष्प्रभ राहते. शास्त्रज्ञ या प्रक्रियेला पेशीचे ‘शिक्षण’ म्हणतात. सारांश, येथे संयम हा सामर्थ्याचा विरोधक नसून त्याची पूर्वअट आहे. वर्गात या पेशींना केवळ ‘शरीराचे सैनिक’ म्हणून थांबणाऱ्या अध्यापकाने इतिहासाचा हा उत्तरार्धही अवश्य सांगावा.