नगरची छायाचित्रे : जागा, वेळ आणि इतिहास

एखाद्या ऐतिहासिक शहराची छायाचित्रे कुठून आणि केव्हा घ्यावीत, हा प्रश्न आपण प्रवासी मार्गदर्शिकांवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः तो इतिहासलेखनाचाही प्रश्न आहे. कॅमेरा जिथे रोवला जातो तिथून शहराची एक बाजू दिसते आणि दुसरी झाकली जाते. पुढच्या पिढ्या दिसलेल्या बाजूलाच शहर समजू लागतात. युजीन आत्जे याने जुने पॅरिस अनेकदा भल्या पहाटे, रस्ते निर्मनुष्य असताना टिपले. आज जुने पॅरिस म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे तेच ओस रस्ते येतात. नगरच्या बाबतीत काय घडले, हे या निमित्ताने पाहण्यासारखे आहे.

मलिक अहमद निजामशहाने वसवलेल्या या शहराचे शासकीय नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले, तरी लोकांच्या तोंडी ते पूर्वीही 'नगर' होते आणि आजही आहे. दख्खनच्या पाच शाह्यांपैकी एकीची ही राजधानी. पण विजापूरची आठवण काढताच गोलघुमट जसा मनात उभा राहतो, तसे नगरचे एकही चित्र मराठी वाचकाच्या मनात सहजी उभे राहत नाही. याचे एक कारण वास्तूंच्या आकारमानात आहे, तर दुसरे छायाचित्रणाच्या इतिहासात. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन बिग्ज या लष्करी अधिकाऱ्याकडे पश्चिम भारतातील प्राचीन वास्तू टिपण्याचे सरकारी काम आले. १८६६ मध्ये या प्रकारच्या छायाचित्रांचे मोठे ग्रंथ निघाले, ते अहमदाबाद, विजापूर आणि धारवाड-म्हैसूर या प्रदेशांवर. त्या मालिकेत नगरला स्वतंत्र ग्रंथ लाभला नाही. नगरच्या वास्तूंची छायाचित्रे पुढे पुरातत्त्व खात्यासाठी घेतली गेली, परंतु ती नोंदवहीत राहिली, लोकांच्या स्मरणात उतरली नाहीत.

ही पोकळी एका चित्राने भरून काढली. पाथर्डी रस्त्यालगतच्या शाहडोंगरावरील अष्टकोनी, तीन मजली वास्तू म्हणजे आपला 'चांदबिबीचा महाल'. प्रत्यक्षात तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर. शहर तिच्या पश्चिमेला असल्यामुळे शहराच्या बाजूने पाहणाऱ्याला ती सकाळी काळ्या आकृतीसारखी भासते आणि दुपार कलली की उजळून निघते. म्हणून तिचे चित्र बहुधा पायथ्याकडून, संध्याकाळी घेतले जाते. एवढ्या अंतरावरून दिसतो तो आकार. थडगे दिसत नाही. उंच डोंगर, एकाकी मनोरा आणि एक शूर राणी यांची सांगड मग मन आपोआप घालते. चित्राखालचे चुकीचे नाव पिढ्यानपिढ्या टिकते ते असे.

उपाय सोपा आहे. जागा आणि वेळ दोन्ही उलटवावीत. सकाळी डोंगर चढावा आणि सूर्य पाठीशी घेऊन पश्चिमेकडे पाहावे. पावसाळा सरत असताना, हवेतील धूळ बसलेली असते तेव्हा गेल्यास उत्तम. पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात भाद्रपद-आश्विनातली ही हिरवाई अल्पजीवी असते. खाली पसरलेले पठार पाहिले की सलाबतखानाचे खरे काम ध्यानात येऊ लागते. या कोरड्या मुलखात पाणी आणणे आणि बागा उभारणे हाच निजामशाही स्थापत्याचा गाभा होता. त्याच्याच देखरेखीखाली १५८३ मध्ये पूर्ण झालेला फराहबाग महाल एका विस्तीर्ण तळ्याच्या मधोमध उभा होता. आज तळे कोरडे आहे. महालाचे नुसते जवळून चित्र घेतले तर ते एका पडक्या इमारतीचे चित्र ठरते. मागे सरकून कोरड्या तळ्याचा खोलगट भाग चौकटीत घेतला, तर नाहीसे झालेले पाणीही चित्रात येते.

दमडी मशिदीपाशी वेळच इतिहास सांगते. हिंदुस्थानात किब्ला पश्चिमेला असल्याने मशिदी पूर्वेकडे उघडतात. सकाळचे तिरपे ऊन कमानींवर पडते तेव्हा दगडातली नक्षी उठून दिसते. दुपारनंतर तीच दर्शनी बाजू सावलीत जाते. मजुरांनी आपल्या मिळकतीतून एकेक दमडी बाजूला काढून ही मशीद उभारली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढ्या बारीक कामाकडे पाहताना कारागिरांच्या हातांची आठवण होतेच.

भुईकोट किल्ल्याचा प्रश्न निराळा. त्याचा तट जवळजवळ वर्तुळाकार आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर घेराचा. म्हणजे दिवसाच्या कुठल्याही वेळी तटाचा काही भाग उजेडात असतो आणि संपूर्ण किल्ला एका चौकटीत मावत नाही. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून पाडलेले खिंडार चांदबिबीने रातोरात बुजवून घेतले, असे फिरिश्ता लिहितो. तिची खरी जागा हा तट आहे, तो डोंगर नव्हे. पण बुजवलेल्या खिंडाराचे छायाचित्र घेता येत नाही.

याच किल्ल्यात ऑगस्ट १९४२ पासून काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' येथे १९४४ मध्ये पाच महिन्यांत लिहिले. मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रेही इथलीच, आणि त्यांतली पहाटेच्या चहाची वर्णने प्रसिद्ध आहेत. पत्रांमुळे ती पहाट आपल्यापर्यंत पोहोचली. कॅमेऱ्याला न दिसणारे काही साहित्यात उरते, ते असे.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नगरला जाताना कॅमेरा जरूर न्यावा, पण त्याआधी फिरिश्ता, आझाद आणि नेहरू वाचावेत. आणि परतल्यावर चित्राखाली नाव लिहिताना क्षणभर थांबावे. 'सलाबतखानाची कबर' हे शब्द 'चांदबिबीचा महाल' या शब्दांइतके मोहक नाहीत. तथापि जे समोर आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारणे, हे इतिहासाचे पहिले कर्तव्य आहे.