हत्तिणीला सोबत कोणाची?



2025 च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची महादेवी हत्तीण कोर्टाच्या आदेशाने गुजरातेत, जामनगरजवळच्या वनतारात नेली. गाव रडलं, मोर्चे निघाले. आमच्या घनसावंगीच्या गटाच्या बैठकीतही त्या दिवशी हप्त्यांची वही बाजूलाच राहिली. बहुतेकजणी म्हणाल्या, तीस वर्षं जीव लावलेलं जनावर असं दावणीवरून सोडून नेतात का? एक काकू मात्र म्हणाल्या, "अगं, पण तिथं तिला तिच्या जातीचं कोण होतं?"

तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही.

हत्तींचा कळप म्हणजे बायकांचं घर. म्हातारी आजी पुढं, लेकी, बहिणी, नाती मागं. लेक जन्मभर आईजवळ राहते, नर वयात आला की बाहेर पडतो. बाळंतपणाला सगळ्या जवळ असतात, ते बघतच तरुण हत्तीण शिकते. कळपाबाहेर वाढलेली पहिलटकरीण कधी कधी स्वतःच्याच पिल्लाला घाबरते, दूध पाजत नाही, मारतेसुद्धा.

आपल्या म्हशीचा माज हुकला तर 21 दिवसांनी परत येतो. हत्तिणीचा फेरा साडेतीन-चार महिन्यांचा, त्यात गाभण राहण्याचे दिवस मोजकेच. राहिलीच तर 20 ते 22 महिने वाट बघायची. आणि नर मदात आला की कोणाला आवरत नाही, म्हणून प्राणिसंग्रहालयं नर ठेवायला कचरतात. मग पिल्लू कुठून होणार?

ही अडचण जुनी आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय, की पाळीव हत्तिणीला पिल्लू होणं पूर्वी लोक अशुभ मानत. बादशहाने हुकूम देऊन पीलखान्यात पैदास सुरू केली आणि ती समजूत मोडली. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयात गर्भ राहून जन्मलेलं पहिलं पिल्लू व्हिएन्नाचं, 1906 सालचं. म्हणजे तीनशे वर्षांनी!

पण आपल्याकडंही पुढं तो धडा मागं पडला. गाभण हत्तीण कामाला येत नाही, पिल्लू कामाचं व्हायला बारा-पंधरा वर्षं लागतात. त्यापेक्षा जंगलातून धरून आणणं स्वस्त. म्हैसूरकडं कळप हाकत आणून कुंपणात कोंडायचे, त्याला खेडा म्हणत. तिथला शेवटचा खेडा 1971 साली काकनकोटला झाला. धरलेले हत्ती वेगवेगळ्या मालकांकडं जायचे. कोण कोणाची लेक, याचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्या जवळचं उदाहरण सिद्धार्थ उद्यानातलं. औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, सहलीला गेलेल्यांना सरस्वती आणि लक्ष्मी आठवत असतील. त्या मायलेकी होत्या, हे आम्हाला कितीतरी उशिरा कळलं. सहलीत आम्ही फक्त सोंड बघत होतो. 2009 साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सांगितलं, की प्राणिसंग्रहालयांतले आणि सर्कशींतले हत्ती मोकळ्या जागेच्या छावण्यांत हलवा. काही वर्षांनी या मायलेकी विशाखापट्टणमला गेल्या, पण तिथल्याही प्राणिसंग्रहालयातच! दोघी बरोबर गेल्या, एवढं मात्र चांगलं झालं.

महादेवी नांदणीला आली तेव्हा पिल्लूच होती, आता पस्तिशी ओलांडलेली आहे. इतकी वर्षं गाभण न राहिलेल्या हत्तिणीच्या पिशवीत गाठी होतात, माजाचे फेरे थांबतात. तिला आता सोबतिणी मिळतील, पिल्लू बहुधा नाही. नांदणीकरांची माया खोटी नव्हती, आमच्या गटातल्या रडणाऱ्यांचीही नव्हती. तिला केळी, ऊस, हार सगळं मिळालं, पण दुसरी हत्तीण मिळाली नाही.

नंतर नांदणीजवळच तिच्यासाठी केंद्र बांधायचा प्रस्ताव आला. पुढच्या बैठकीत परत वाद झाला, पण या वेळी काकूंच्या बाजूला जास्त जणी होत्या. बांधा म्हणावं, पण एकटीसाठी नको. निदान दोन-तीन हत्तिणी तिथं असू द्या.