‘सुप्त’ म्हटलेली गाठ

१८८६ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १८ वर्षांची एक मुलगी रुग्णालयात आली. मधूनच तिच्या छातीत धडधडायचे, डोके दुखायचे, गार घाम सुटायचा, उलट्या व्हायच्या. मग सारे शांत. एके दिवशी ती कोसळली आणि गेली. शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथींमध्ये गाठी आढळल्या. डॉ. फेलिक्स फ्रेंकेल यांनी ही हकिकत प्रसिद्ध केली. नवल असे, की लेखाच्या मथळ्यातच त्यांनी या गाठींना ‘पूर्णपणे सुप्त’ म्हटले. शेजारी मूत्रपिंडाचा दाह आणि दृष्टिपटलाचा बिघाड यांची नोंद केली.

त्यांना दोष कसा द्यायचा? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथींच्या गाभ्याचे काम तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. १८९४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ऑलिव्हर आणि शेफर यांनी ग्रंथीचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला आणि रक्तदाब झपकन चढला. १९०१ मध्ये ताकामिने यांनी त्यातले ॲड्रेनॅलिन स्फटिकरूपात मिळवले. वर्गात ‘लढा किंवा पळा’ समजावताना आपण ज्याच्याविषयी बोलतो, तेच हे. संकटात ते घटकाभर पाझरते. गाठ मात्र समोर वाघ नसतानाही ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन रक्तात ओतते. रक्तदाब भडकतो, हृदय दौडू लागते. डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडांच्या बारीक रक्तवाहिन्या हा मारा सोसत राहतात. म्हणजे फ्रेंकेल यांनी शेजारी लिहिलेले बिघाड बहुधा त्या ‘सुप्त’ गाठींचेच!

क्रोमियमच्या क्षारांनी या पेशी तपकिरी होतात, म्हणून १९१२ मध्ये लुडविग पिक यांनी गाठीला फिओक्रोमोसायटोमा हे नाव दिले. (उच्चारताना आमचीही जीभ अडखळते.) १९२६ मध्ये लोझानला रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी काढल्या व रुग्ण वाचले. ते धाडसच होते. गाठीला नुसता हात लागला तरी संप्रेरकाचा लोंढा सुटतो. म्हणून आता शस्त्रक्रियेआधी काही दिवस औषधांनी रक्तवाहिन्या सैल करून घेतात.

फ्रायबुर्गच्या मुलीची गोष्ट मात्र तिथे संपली नव्हती. दोन्ही बाजूंना गाठी असल्या, की आनुवंशिकतेचा संशय येतो. संशोधकांनी तिचे आप्त शोधून काढले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी हयात असलेल्या चौघांमध्ये ‘रेट’ नावाच्या जनुकातला दोष सापडला. १८ वर्षांच्या त्या मुलीला जे कळू शकले नाही, ते या चौघांना रक्ताच्या तपासणीतून कळले.