पाणचक्की, छत्रपती संभाजीनगर येथील
पाण्याच्या रेट्याने धान्य दळणारी चक्की. महाराष्ट्रातील तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. हे नक्शबंदी सूफी औरंगजेबाच्या काळात मध्य आशियातून येथे आले.

ही चक्की मलिक अंबरने बांधली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते ग्राह्य नाही. अंबरने खडकी (शहराचे जुने नाव) येथे नहर आणली हे खरे. परंतु तो 1626 मध्ये मरण पावला आणि पाणचक्कीची नहरही निराळी आहे. चक्कीसाठी 1695 व 1744 असे दोन सन दिले जातात. बांधणीचे श्रेय मिळालेला तुर्कताझखान निजामुल्मुल्क आसफजाहच्या पदरी होता. आसफजाहचा दक्षिणेतील स्वतंत्र अंमल 1724 पासूनचा, तेव्हा दुसरा सन अधिक संभवनीय वाटतो.

उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूने पाणी खापरी नळांतून जमिनीखालून येई. नळांतील दाबामुळे ते उंच भिंतीतून वर चढे व हौदात कोसळे. चक्कीखालच्या आडव्या चाकाच्या पात्यांवर पाण्याचा झोत पडला, की चाक फिरे. चाकाचा उभा दांडा थेट जात्याच्या वरच्या दगडाला जोडलेला असल्याने दातेरी चक्रांची गरज नव्हती. हे पीठ दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंच्या उपयोगी पडे. समोरच्या लांबट हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते.

चक्की राखली गेली, तेवढी काळजी शहरातील नहरींची घेतली गेली नाही. त्यांच्या मार्गांवर बांधकामे होऊन नळ ठिकठिकाणी फुटले आहेत.