पेवाचं झाकण आणि दामाजीपंत



यंदा येळवशीला गावी गेले होते. आमचं गाव भालकी तालुक्यात, सीमेला इतकं लागून की आमच्या शेतातून हाक मारली तर महाराष्ट्रातला माणूस ओ देतो. वाड्याच्या अंगणात पेवाची जागा अजून आहे. वर फरशी घातलीय आणि तिच्यावर भाच्याची मोटारसायकल उभी असते. त्याने सहज विचारलं, "आत्या, ह्याच्या खाली काय हाय?" मी म्हटलं, "दामाजीपंत." तो हसला. त्याला सगळं सांगता सांगता रात्र झाली. तेच इथे लिहिते. लांबलंय, सावकाश वाचा.

आधी जुनी गोष्ट. दामाजीपंत मंगळवेढ्याचे. बहमनी राज्यातले तिथले अधिकारी, सरकारी धान्याची कोठारं त्यांच्या ताब्यात. बहमनी सुलतानांची राजधानी आधी आपलं गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी. पुढे अहमदशहा वलीच्या काळात ती बिदरला आली. तेव्हा मंगळवेढ्याच्या दाण्यादाण्याचा हिशोब बिदरला जायचा. १४६० च्या सुमारास पाऊस गेला आणि मोठा दुष्काळ पडला. इतिहासात तो 'दामाजीपंतांचा दुष्काळ' म्हणूनच ओळखला जातो. दुष्काळाला एका अंमलदाराचं नाव पडावं, यातच काय ते आलं.

कथा आपल्या सर्वांना पाठ आहे. दारात माणसं मरायला लागली. पंतांनी सरकारी कोठारं उघडली आणि धान्य लुटू दिलं. कुणीतरी बिदरला चुगली केली. बादशहाची माणसं पंतांना धरून न्यायला आली. निघताना पंतांनी एकच मागितलं, पंढरपूरला जाऊन पांडुरंगाचं दर्शन घेऊ द्या. इकडे बिदरच्या दरबारात विठू महार नावाचा एक माणूस हजर झाला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याने धान्याची सगळी किंमत मोजून दिली आणि पावती घेऊन निघून गेला. ती पावती पंतांना आपल्या पोथीत सापडली. विठू महार कोण होता ते पंतांना उमगलं. त्यांनी चाकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य विठ्ठलाच्या पायाशी काढलं.

ही कथा घराघरात नेली ती महिपतींच्या 'भक्तविजय' ग्रंथाने. तो शके १६८४ चा, म्हणजे इ.स. १७६२ चा. दुष्काळानंतर तीनशे वर्षांनी लिहिलेला. त्यामुळे पावतीचा चमत्कार इतिहासाच्या तराजूत घालून चालणार नाही. पण मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. कथेचा क्रम नीट बघा. कोठार आधी उघडलं, देव नंतर आला. कोठाराची किल्ली फिरवताना पंतांना विठू महाराची काहीच खबर नव्हती. समोर फक्त उपाशी माणसं होती आणि मागे बादशहाची तलवार. रोज ज्याचं नाव घेतो त्याला काय तोंड दाखवू, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असणार.

नकाशा काढून बघा. मंगळवेढ्याहून बिदर पूर्वेला, सुमारे अडीचशे किलोमीटर. पंढरपूर अगदी उलट बाजूला. म्हणजे कथेतले पंत शिक्षेला जाताना वाट वाकडी करून देवाला भेटायला गेले. आपली सुटका कर असं मागायला ते गेले असतील असं मला वाटत नाही. जे करायचं ते करून झालं होतं.

आता आमच्या पेवाचं.

नव्या पिढीसाठी सांगते, पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची विहीर. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तळाला आणि कडेला कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवून वर मातीने लिंपायचं. चांगलं पेव ज्वारी कैक वर्षं राखतं. उघडलं की मात्र लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा माणूस मारते. आधी दोरीने कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, तेवत राहिला तर उतरायचं.

१९७२ साली मी दहा वर्षांची होते. आदल्या वर्षीही पाऊस जेमतेमच, त्या वर्षी तर पाठच फिरवली. १९५६ ला जुन्या बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले होते. उदगीर, निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही भालकीकर म्हैसूर राज्यात. पण दुष्काळ काही सीमा बघून पडला नाही. पलीकडे महाराष्ट्रात १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. आमच्या गावातलीही काही माणसं पाहुण्यांच्या आधाराने पलीकडे खडी फोडायला गेली. त्या वर्षी येळवशीला शेतात पूजा झाली, पण भज्जी-आंबील नावालाच. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायची आपली रीत, त्या दिवशी कुणी कुणाला हाक मारली नाही. मोठीआई, म्हणजे माझी आजी, घरी येऊन रडली ते मला आठवतं.

आमचे आबा माळकरी. संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ, कधी खंड नाही. पेवात ज्वारी होती. अर्धी त्यांनी भाव चढल्यावर भादव्यातच विकली होती. हे आमच्या घरात कुणी सांगत नाही, पण खरं आहे म्हणून लिहिते. उरलेली धाकट्या आत्याच्या लग्नासाठी राखलेली. व्यापाऱ्याशी बोलणं झालं होतं, बैलगाड्या यायच्या तेवढ्या बाकी होत्या.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. दुष्काळात सप्ताह कशाला, असं काही जण म्हणत होते. तिसऱ्या रात्री उदगीरकडच्या बुवांनी दामाजीपंतांचं आख्यान लावलं. आबा टाळ घेऊन पुढेच उभे. मी मोठीआईच्या मांडीवर. आख्यान संपलं, आरती झाली, सगळे घरी आले. आबा जेवले नाहीत. अंगणात पेवाशेजारी बाज टाकून पडले. मध्यरात्री मला जाग आली तर ते तसेच उठून बसलेले. मोठीआई जवळ जाऊन म्हणाली, "काय करूलालाव? झोपा की." आबा म्हणाले, "बुवा माझ्याकडंच बघून सांगूलालते बग." बुवांना आमच्या पेवाचं काय ठाऊक! पण आबांना तसं वाटलं खरं.

सकाळी त्यांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला की गाड्या पाठवू नका. मग गडी बोलावून पेवाचं तोंड उकरलं. पहिल्यांदा कंदील सोडला, विझला. दुसऱ्यांदाही विझला. तोवर बातमी गावभर झाली आणि माणसं पिशव्या, टोपल्या घेऊन अंगणात उभी. दुपारी कंदील तेवत राहिला, तेव्हा गडी उतरला.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या घरात सगळे अभिमानाने सांगतात. पुढची मला मोठीआईने फार वर्षांनी सांगितली.

पहिल्या दिवशी रांगा दोन होत्या. एक वाड्याच्या पायरीशी, आबा स्वतः पायलीने मोजून देत होते. दुसरी मागच्या परसदारी, लिंबाच्या झाडाखाली. ती तेव्हा ज्याला महारवाडा म्हणत तिथल्या लोकांची. तिथे गडी उंचावरून पदरात ज्वारी ओतायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. रांगा आपोआपच दोन झाल्या. आणि धान्य देऊनसुद्धा आबांच्या ते ध्यानात आलं नाही.

रात्री हरिपाठ झाला. आबांनी पोथी मिटली. मोठीआईने विचारलं, "बिदरला पैसे भरायला द्येव कोन होऊन गेलता?"

आबा म्हणाले, "इठू म्हार."

"मग उद्या त्यो आपल्या दारात आला तर त्याला म्होरं हुबा करशिला का लिंबाखाली?"

मोठीआई निरक्षर होती. जन्मभर आबांच्या पुढे चार शब्द बोलली नसेल. पण हरिपाठ तिनेही तीस वर्षं ऐकला होता ना! आबा म्हणे बराच वेळ गप्प बसले, आणि मग नुसतं "हूं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रांग एकच, पायरीशी. गावातली काही घरं चिडली. दोन दिवस त्यांनी ज्वारी नेली नाही. तिसऱ्या दिवशी भुकेने त्यांनाही त्याच रांगेत आणलं. आबांच्या शेजारी बसून भजन करणारे एक आजोबा मात्र त्यानंतर आमच्या ओसरीवर कधी चढले नाहीत. आणि हेही सांगते, त्या एका रांगेने गाव बदललं नाही. पाण्याचा आड पुढेही काही वर्षं वेगळाच राहिला. आमच्या घरात मात्र लिंबाखालून माप ओतणं त्या दिवशी बंद झालं ते कायमचं.

किंमतही मोजावी लागली. आत्याचं लग्न एक वर्ष लांबलं, ठरलेली सोयरीक मोडली. पुढे चांगलं स्थळ मिळालं, तिचा संसार नीट झाला. तरी तिने एकदा मला सांगितलं, "आबांनी दामाजीपंत व्हायच्या आधी मला एक डाव विचारायचं हुतं." तिचं खोटं नव्हतं. पुण्याईचा खर्च बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या नावावर पडतो.

मोठी झाल्यावर मी या भागाचा इतिहास वाचला. तेव्हा कळलं की आमच्या अंगणात जे घडलं ते इथल्या मातीला नवं नाही. बसवण्णा बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळाच्या चाकरीत होते, आधी मंगळवेढ्याला, मग कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला. तेही खजिन्याचे अधिकारी, भंडारीच! त्यांनी पूजेचा अर्थच बदलला. आपलं काम म्हणजे कायक, हीच पूजा, आणि त्यातून मिळालेलं समाजाला वाहणं म्हणजे दासोह. त्यांच्या अनुभव मंटपात धोबी मडिवाळ माचय्या, दोर वळणारे नुलिय चंदय्या, चांभार हरळय्या असे शरण सोबत बसायचे. हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचं लग्न झालं आणि कल्याण पेटलं. रांग एक करायची किंमत तेव्हा जिवाची होती.

कलबुर्गीचे शरणबसवेश्वर शेतकरी. ज्वारीवरची पाखरं हाकलायची सोडून त्यांनी पाखरांना खाऊ दिलं, असं सांगतात. त्यांच्या देवस्थानात दासोहाला मान आहे. बिदरला नानक झिरा साहिबला कुणीही जा, लंगरमध्ये मांडीला मांडी लावून जेवायला बसवतात, जात विचारत नाहीत. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण आपल्या या भागात प्रार्थनेचा शेवट बहुधा पानावरच्या भाकरीशी होतो.

प्रार्थनेने पाऊस पडतो का, असं भाच्याने त्या रात्री विचारलं. मी त्याला आबांचंच उत्तर दिलं. त्या वर्षी सप्ताह संपला तरी पाऊस आला नव्हता. कुणीतरी आबांना टोमणा मारला. आबा म्हणाले, "पाऊस त्याच्या हातात हाय. पेव माझ्या हातात हुतं."

पुढच्या सुगीला काहींनी ज्वारी परत आणून दिली, काहींना जमलं नाही. आबांनी वही ठेवली नव्हती, म्हणून कोण राहिलं हे आम्हाला कधी कळलं नाही. तेच बरं झालं.

येळवशीच्या दुसऱ्या दिवशी भाच्याने मोटारसायकल बाजूला घेतली आणि चौघांनी मिळून फरशी सरकवली. त्याने आधी दोरीने कंदील सोडला. मी सांगितलं नव्हतं, रात्रीचं त्याच्या लक्षात होतं. आत काही नाही, थोडा कुजका कडबा आणि कोरडी माती.

तुमच्या घरी पेव होतं का? बाहत्तरला कुणी उघडलं, कुणी मिटूनच ठेवलं, दोन्ही लिहा. मिटून ठेवलेल्यांचंही लिहा, लाजू नका. आमचंही अर्धं विकलेलंच होतं.

राम कृष्ण हरी.