वगातील दरबार

गण, गौळण आणि बतावणी आटोपल्यावर तमाशात जो वग उभा राहतो, त्यात राजा, प्रधान, कोतवाल ही सारी अंमलदार मंडळी मूर्खपणाच्या एकाच पंक्तीस बसलेली आढळतात, आणि तो मूर्खपणा रयतेसमोर उघडा करण्याचे कार्य परंपरेने सोंगाड्याच्या हजरजबाबी जिभेकडे आलेले असते. वसंत सबनीसांच्या १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात प्रधानाच्या मेहुण्याला कोतवाली मिळते, आणि मैनावतीच्या मोहात पडून तो थेट राजाचा छपरी पलंगच पळवायला सिद्ध होतो. वशिल्याने लाभलेल्या अधिकाराची इतकी निर्भय चिकित्सा आपल्या प्रतिष्ठित गद्यातही विरळाच. दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’मध्ये हीच विद्या परमोत्कर्षास नेली. सोंगाड्याला केवळ हसवणारा मानणे हा त्याच्यावर अन्याय आहे.